लिंक्स बघायचाय? मग आधी ससा शोधा

लडाखच्या विंटर टूरला जाणारे आपल्याकडचे लोक आता बरेच वाढलेत, पुण्या-मुंबईचेच नाही तर नाशिक, कोल्हापूर, नागपूरचे पण ग्रुप असतात, आणि स्नो लेपर्डच्या पाठोपाठ सगळ्यांच्या लिस्टवर आता लिंक्सही आलाय, म्हणजे मांजराच्या कुळातला तो आखूड शेपटीचा शिकारी प्राणी. चांगलंच आहे, बघावा. पण "लोकेशन पाठवा ना" एवढ्या एका मेसेजवर सगळी तयारी संपते, ते मला पटत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, की लिंक्स ओळखायचा कसा, शोधायचा कसा, त्याला त्रास न देता बघायचा कसा आणि आपल्या ट्रिपच्या पैशातला थोडा तरी वाटा त्याला जगवायच्या कामी कसा लावायचा.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. लिंक्सचं जगणं सशावर चालतं. युरोपातला मोठा लिंक्स रो डिअर म्हणजे छोटी हरणं पण मारतो, बाकी ठिकाणी मात्र फिरून फिरून गाडी सशावरच येते. जिथे ससे टिकले तिथे लिंक्स टिकला, जिथे ससे गेले तिथून तोही गेला. त्यामुळे लिंक्स शोधताना पण ससा आधी आणि वाचवताना पण ससा आधी.

ओळखायचा कसा

लिंक्सच्या जगात चार जाती आहेत. युरेशियन लिंक्स सगळ्यात मोठा, साधारण १८ ते ३० किलोचा, युरोपपासून सायबेरिया आणि तिबेटच्या पठारापर्यंत पसरलेला, आणि आपल्या लडाखमध्ये दिसतो तो हाच. आयबेरियन लिंक्स फक्त स्पेन आणि पोर्तुगालमध्ये, याच्या जवळपास निम्म्या आकाराचा, अंगावर ठसठशीत ठिपके आणि गालावर लांब दाढी. कॅनडा लिंक्स कॅनडा, अलास्का आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या बर्फाळ जंगलात. आणि चौथा बॉबकॅट, दक्षिण कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत, चौघांत संख्येने सगळ्यात जास्त.

चौघांना लागू पडतील अशा खुणा म्हणजे आखूड शेपटी (एकदम मध्येच तोडल्यासारखी), कानाच्या टोकाला काळ्या केसांचा झुपका, गालाच्या दोन्ही बाजूंना खाली उतरलेले केस, आणि पुढच्यापेक्षा लांब मागचे पाय, त्यामुळे चालताना मागचा भाग वर उचललेला दिसतो. कॅनडा लिंक्स आणि बॉबकॅटमध्ये गोंधळ झाला तर शेपटीचं टोक बघा, लिंक्सचं टोक सगळीकडून काळं असतं, बॉबकॅटचं वरून काळं आणि खालून पांढरं. पंजेही बघा, कॅनडा लिंक्सचे पंजे शरीराच्या मानाने फारच मोठे असतात, भुसभुशीत बर्फात तो रुतत नाही ते त्यामुळेच.

आता एक महत्त्वाचं. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर अधूनमधून "सह्याद्रीत लिंक्स दिसला" म्हणून फोटो फिरतो. तो लिंक्स नसतो. शेताच्या बांधावर किंवा उसात दिसणारं लांब पायांचं, मातकट रंगाचं, कानाला बारीकसा काळा झुपका असलेलं जनावर म्हणजे आपलं रानमांजर, बऱ्याच ठिकाणी त्याला बाऊल म्हणतात. त्याची शेपटी लिंक्सपेक्षा बरीच लांब असते आणि टोकाकडे काळी कडी दिसतात. दुसरा गोंधळ कॅरॅकलचा. कानावर लांबलचक काळे झुपके असल्यामुळे लोक त्याला डेझर्ट लिंक्स म्हणतात, पण तो लिंक्सच्या घराण्यातलाच नाही. आपल्या देशात तो आता मुख्यतः राजस्थान आणि कच्छमध्ये अगदी मोजका उरलाय, आणि त्याची काळजी लिंक्सपेक्षाही जास्त वाटावी अशी परिस्थिती आहे. म्हणून फोटो मिळाला की लगेच फॉरवर्ड करू नका, आधी शेपटी बघा. आणि ऊसतोडीच्या वेळी बाऊलची किंवा वाघाटीची (छोट्या ठिपकेदार रानमांजराची) पिल्लं सापडली तर आई सोडून गेली असं समजून घरी आणू नका, ती रात्री परत येते. पिल्लांना हात न लावता तिथलं काम थोडा वेळ थांबवा आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

स्पेनमध्ये काय झालं ते माहीत करून घ्या

लिंक्स का वाचवायचा आणि कसा वाचवायचा, या दोन्हीचं उत्तर एकाच ठिकाणी बघायचं असेल तर स्पेनमध्ये बघा. १९५२ साली फ्रान्समध्ये एका डॉक्टरने आपल्या इस्टेटीवरचे ससे कमी व्हावेत म्हणून मिक्सोमॅटोसिसचा व्हायरस टोचलेले दोनच ससे सोडले. तो रोग इस्टेटीच्या भिंतीला थोडाच थांबणार होता, बघता बघता फ्रान्सभर पसरला, डोंगर ओलांडून स्पेनमध्ये आला आणि सशांचा फडशा पडला. मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सशांचा दुसरा रोग आला, रक्तस्रावाचा, त्यात उरलेसुरले गेले. आयबेरियन लिंक्सच्या खाण्यात बहुतेक सगळा ससाच असतो, एका लिंक्सला दिवसाला साधारण एक ससा लागतो आणि पिल्लं असतील तर मादीला तीनेक. त्यात वर शिकार, सापळे, शेतीसाठी आणि लाकडासाठी तोडलेली झुडपं, नवे रस्ते. २००२ साली मोजणी झाली तेव्हा शंभरच्या आत मोठी जनावरं उरली होती, ती पण फक्त दोन ठिकाणी, सिएरा मोरेनाच्या डोंगरात अंदुहारच्या आसपास आणि डोन्यानाच्या दलदलीत.

तिथून पुढे त्यांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. नुसतं पिंजऱ्यात ब्रीडिंग करून सोडून दिलं नाही. आधी ससे आणले, त्यांच्यासाठी बिळं तयार केली, लपायला झुडपं ठेवली. जमीन बरीचशी खाजगी मालकांची होती, शिकारीच्या इस्टेटी होत्या, त्यांच्याशी करार केले की तुमच्या जमिनीवर सशाची शिकार करू नका, लिंक्सला राहू द्या. जिथे गाड्यांखाली लिंक्स मरत होते तिथे रस्त्याच्या खालून बोगदे काढले. २००७ मध्ये डोन्यानात पाळीव मांजरांचा ल्युकेमियाचा व्हायरस लिंक्समध्ये शिरला आणि काही दगावले, तेव्हा लसीकरण आणि तपासणी सुरू झाली. ब्रीडिंग सेंटरमध्ये २००५ साली पहिली पिल्लं झाली, सालिएगा नावाच्या मादीला तीन, आणि त्यातलं एक भावंडांच्या भांडणातच मेलं. तेव्हा कळलं की सहा-सात आठवड्यांच्या वयात ही पिल्लं एकमेकांवर जिवावर उठल्यासारखी तुटून पडतात, मग त्या काळात चोवीस तास कॅमेऱ्यावर लक्ष ठेवायची पद्धत आली. पुढे दोन्ही ठिकाणचं रक्त एकत्र आणलं, नव्या जागी सोडले, पोर्तुगालमध्येही सोडले. २०१५ साली आययूसीएनने (कुठली जात किती धोक्यात आहे त्याची जागतिक यादी ठेवणारी संस्था) अतिधोक्यातून धोक्यात असा बदल केला, २०२४ मध्ये आणखी एक पायरी खाली आणून असुरक्षित या गटात आणलं, आणि २०२४ च्या गणनेत दोन्ही देश मिळून पिल्लांसकट २,४०० च्या वर लिंक्स मोजले गेले.

शंभराच्या आतून चोवीसशे, वीस-बावीस वर्षांत! कुणी म्हणालं ना की "आता काही होऊ शकत नाही" तर हे उदाहरण तोंडावर मारा. पण त्यातला क्रम सोडू नका, आधी ससा, मग जागा, मग लिंक्स. तो क्रम चुकला की काय होतं ते कोलोरॅडोत दिसलं. तिथे १९९९ मध्ये कॅनडा आणि अलास्कातून लिंक्स आणून सोडायला सुरुवात झाली, पहिले काही हिवाळ्यात लगेच सोडले आणि त्यातले काही चक्क उपाशी मेले. मग पद्धत बदलली, आधी काही आठवडे पोटभर खाऊ घालायचं, वसंतात सशांची आणि बाकी भक्ष्याची चंगळ असताना सोडायचं. २००६ पर्यंत एकूण २१८ सोडले आणि तिथे पुन्हा पिल्लं व्हायला लागली.

कॅनडा लिंक्सचं सशाशी नातं तर इतकं घट्ट आहे की हडसन्स बे या कॅनडातल्या जुन्या फर व्यापारी कंपनीच्या कातड्यांच्या जुन्या वह्यांमध्ये ते आकड्यांत दिसतं. दर दहाएक वर्षांनी स्नोशू हेअर (तिथले बर्फातले ससे) वाढतात, मागोमाग लिंक्स वाढतात, ससे कोसळतात, की एक-दोन वर्षांत लिंक्सही कोसळतात. आता त्यात बर्फाचं गणित बिघडतंय. बर्फ कमी आणि कडक झाला की त्या मोठ्या पंजांचा फायदा जातो आणि बॉबकॅट, कायोटी (तिकडचे कोल्ह्यासारखे प्राणी) उत्तरेकडे सरकतात.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी इथेच एक सांगून टाकतो. तुम्हाला लिंक्सच्या घराण्यातलं जनावर बघायला लडाखला यायची गरज नाही, कॅलिफोर्नियात असाल तर पॉइंट रेयेसला सकाळी लवकर जा, उघड्या गवतात गोफर (बिळात राहणारा उंदरासारखा प्राणी) पकडणारा बॉबकॅट दिसायची चांगली शक्यता असते. आणि बॅकयार्डमध्ये उंदरांचं विष टाकणं बंद करा, पेस्ट कंट्रोलवाला टाकत असेल तर त्याला विचारा काय टाकतोस. रक्त गोठू न देणारी जी विषं असतात ती उंदरातून बॉबकॅटच्या पोटात जातात, सांता मोनिका डोंगरात नॅशनल पार्कच्या लोकांनी वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवलंय की अशी विषं अंगात साठलेले बॉबकॅट खरजेने झिजून मरतात. घराच्या फटी बुजवा, साधा सापळा लावा, कचऱ्याचे डबे घट्ट झाका, त्याने काम होतं.

लडाखला जाताय तर

जायची वेळ हिवाळा, साधारण जानेवारी ते मार्च. पानं गळलेली असतात, बर्फावर ठसे दिसतात आणि फेब्रुवारी-मार्चच्या आसपास त्यांचा जोडीचा काळ असतो त्यामुळे हालचाल जास्त. मे-जूनमध्ये पिल्लं होतात, तेव्हा मादीच्या मागे लागायचंच नाही. दोन जागा मुख्य. एक नुब्रा, हुंडर-दिस्कितच्या बाजूला नदीकाठी सीबकथॉर्न आणि विलोची जी काटेरी दाट झुडपं आहेत तिथे. दुसरी चांगथांग, म्हणजे हानलेच्या बाजूचा उघडा माळ आणि खडकाळ टेकड्या. हुंडर साधारण ३,१०० मीटरवर आहे, हानले ४,३०० च्या आसपास, त्यामुळे आधी लेहला किमान दोन दिवस नुसतं बसून काढा, शरीराला सवय होऊ द्या, त्यातही नुब्रा आधी आणि हानले नंतर ठेवा. परमिटचे नियम बदलत राहतात, ते लेहमध्येच विचारून घ्या.

आता शोधायचं कसं. पहिल्या दिवशी लिंक्स शोधूच नका. झुडपांच्या कडेने हळू चालत सशाच्या लेंड्या शोधा, गोल, कोरड्या, वाटाण्याएवढ्या, एकाच जागी ढिगाने पडलेल्या. बर्फावर सशाचा ठसा अगदी सोपा, दोन छोटे ठसे मागेपुढे आणि त्यांच्या पुढे दोन मोठे लांबट ठसे, कारण उडी मारताना मागचे पाय पुढे येऊन पडतात. चांगथांगात पिकाची बिळं बघा, पिका दिसायला उंदरासारखा पण जवळचा नातलग सशाचा, तोही लिंक्सच्या खाण्यात असतो. मार्मोट हिवाळ्यात झोपलेले असतात त्यामुळे तेव्हा सगळा भार ससे आणि पिकावरच येतो. जिथे या खुणा दाट आहेत तिथे सकाळी उजाडायच्या आधी आणि दुपारी ऊन उतरल्यावर लांबून बसून बघायचं.

लिंक्सचा ठसा गोलसर, मोठा, नखं न उमटलेला असतो, बर्फात पंजावरच्या केसांमुळे कडा पुसट दिसतात. कुत्र्याचा ठसा लांबट असतो आणि नखं उमटतात. दोन्ही एकमेकांवरून गेलेले दिसले तर ती वाईट खूण समजा, त्यावर पुढे लिहितो.

गावात विचारायला लाजू नका, जुले (लडाखी नमस्कार) म्हणा, बसा, चहा घ्या, मग विषय काढा. मेंढपाळाला जेवढं माहीत असतं तेवढं कुठल्याच गाइडबुकात नसतं. फक्त हे लक्षात ठेवा की ज्याच्या शेळ्या लिंक्सने मारल्यात त्याच्यासमोर "किती क्यूट आहे" म्हणून फोटो दाखवणं बरं दिसत नाही. आधी त्याचं ऐकून घ्या.

दिसला की काय करायचं, काय नाही

लिंक्सची सवय अशी की तो लगेच पळत नाही, दबून बसून राहतो आणि बघत राहतो. लोकांना वाटतं घाबरत नाही, चला अजून जवळ. तसं नसतं हो, तो फक्त लपून राहण्यावर भरवसा ठेवतो. किमान शंभर मीटर तरी अंतर ठेवा, त्याहून जास्त असेल तर उत्तमच, मोठी लेन्स किंवा स्पॉटिंग स्कोप असतो तो कशासाठी. कान मागे पडले, अंग जमिनीला चिकटलं, किंवा शिकारीवरून उठून तुमच्याकडे एकटक बघायला लागला की तुम्ही जास्त जवळ आलाय, मागे सरका, उठून धावत नाही, हळूच. त्याचा रस्ता कापायचा नाही, दोन गाड्यांनी दोन बाजूंनी घेरायचं तर अजिबात नाही.

मारलेलं जनावर दिसलं, विशेषतः बर्फ किंवा गवत ओढून अर्धवट झाकलेलं, तर तिथे थांबू नका. मोठी शिकार केली की लिंक्स अशी झाकून ठेवतो आणि पुढचे काही दिवस परत परत येऊन खातो. तुम्ही तिथे तंबू ठोकल्यासारखे बसलात तर तो येतच नाही, आणि चाळीस हजारांच्या थंडीच्या जॅकेटमधल्या आपल्याला नाही पण त्याला तो एक घास फार महाग पडतो.

मांस टाकून बोलावणं, आवाज काढून झुडपातून हुसकावणं, गाडीने पाठलाग करणं हे नुसतं वाईट नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आमिष दाखवणं आणि हाकणं हे सुद्धा शिकारीच्या व्याख्येत येतं, आणि लिंक्स पहिल्या शेड्यूलमध्ये आहे. ड्रोन नाही म्हणजे नाही. गाडी चाकोरी सोडून माळावर घालू नका, ड्रायव्हर स्वतःहून घालायला लागला तरी "नको दादा, इथूनच बघू" म्हणून स्पष्ट सांगा, कारण त्या चाकाखाली पिकाची बिळं आणि ते विरळ गवत जातं आणि त्या थंडीत ते गवत परत यायला कितीतरी वर्षं लागतात. फोटो टाकताना गावाचं नाव, नाला, पूल काही लिहू नका, लोकेशन टॅग बंद करा, "लडाख" एवढं पुरे.

कुत्री

लडाखमध्ये भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या हा आता मोठा प्रश्न झालाय. कॅम्प, हॉटेलं, छावण्या, सगळीकडचं उरलेलं अन्न खाऊन उन्हाळ्यात ती वाढतात आणि हिवाळ्यात टुरिस्ट गेले की उपाशी कुत्री टोळीने डोंगरात जातात, ससे मारतात, मेंढरं मारतात, लिंक्सला शिकारीवरून हुसकावतात. म्हणजे एकाच वेळी त्याचं ताट पण ओढतात आणि त्याच्या अंगावर पण जातात. वरून त्यांचे रोग, आणि स्पेनमध्ये पाळीव प्राण्यांचा रोग जंगलात शिरला की काय होतं ते बघितलंच आपण.

म्हणून कळवळा आला तरी रस्त्याकडेच्या कुत्र्यांना पार्ले-जी घालू नका. मला माहितीये हे ऐकायला कठोर वाटतं, मलाही कुत्री आवडतात, पण तिथे प्रेम करायचं तर नसबंदीच्या कामाला पैसे द्या. आणि आपले खाकरे, चिवडा, ठेपल्याची पाकिटं, उरलेली भाजी, सगळं पिशवीत बांधून लेहपर्यंत परत आणा.

पैसे कुठे द्यायचे

हॉटेलपेक्षा गावातल्या होमस्टेमध्ये रहा. ज्या घराला स्नो लेपर्ड-लिंक्समुळे चार पैसे मिळतात ते घर त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतं, स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी इंडिया ट्रस्टने लडाखमध्ये होमस्टेचं काम सुरू केलं ते याच विचाराने. दुसरं म्हणजे गोठे. तिथली पारंपरिक कोंडवाड्याची पद्धत म्हणजे दगडाची कमरेएवढी-छातीएवढी भिंत, वरून उघडी, दाराला चार फळ्या. रात्री त्यात एखादं शिकारी जनावर उतरलं की आत पळायला जागा नसल्याने शेळ्या सैरावैरा होतात आणि ते एक मारून थांबत नाही, एका रात्रीत घराची वर्षाची कमाई जाते. मग सापळा किंवा विष. त्यावर इलाज अगदी साधा आहे, भिंत थोडी उंच करायची, वर लाकडी-लोखंडी वासे टाकून जाड तारेची जाळी ठोकायची आणि दार फट न राहील असं घट्ट बसवायचं. झालं. तुम्ही राहताय त्या गावात कुणाचा गोठा उघडा आहे का विचारा, दहा जणांच्या ग्रुपने प्रत्येकी थोडे थोडे काढले तरी जाळीचा खर्च निघू शकतो, फक्त ते पैसे स्थानिक संस्थेमार्फत किंवा गावातल्या लोकांना विचारून द्या, आपणच साहेब होऊन वाटत बसू नका.

बुकिंग करायच्या आधी टूरवाल्याला फोनवर हे विचाराच: गाइड त्या गावचा आहे का, एका जनावरासमोर जास्तीत जास्त किती गाड्या थांबवता, राहायची सोय होमस्टेची आहे की बाहेरच्या माणसाच्या कॅम्पची, कचरा परत आणता का, आणि लिंक्स दिसला नाही तर काय. "साइटिंग गॅरंटी" असं कुणी म्हणालं तर तिथेच फोन ठेवा, कारण गॅरंटी द्यायची तर जनावराला हुसकावल्याशिवाय किंवा आमिष टाकल्याशिवाय देता येत नाही. आणि "दिसला नाही तर ससे, पिका, किआंग (रानगाढव), लॅमरगायर (दाढीवालं गिधाड), जे आहे ते दाखवू" असं जो म्हणेल त्याचे पैसे भरून टाका.